काचबंद बाल्कनी

त्या हिवाळ्यात आम्ही मागच्या बाल्कनीला काच लावून घेतली. कल्पना नवऱ्याची होती, फटी बुजवण्याचं काम माझं होतं, आणि सगळं चाललं होतं ते सासूबाईंच्या श्वासासाठी.

आम्ही दिल्लीत जमनापार, म्हणजे यमुनेच्या पलीकडे राहतो, एका जुन्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. घरात नवरा, मी, कॉलेजात जाणारी मुलगी, सासूबाई आणि त्यांचा बोका. सासूबाई लग्न होऊन दिल्लीला आल्या त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. पहाडगंजात मराठी मुलांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तंबाखू नाही, चूल नाही, तरी फुप्फुसं कामातून गेलेली. आदल्या हिवाळ्यात त्यांना दोनदा इस्पितळात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि असा आणखी एक झटका त्यांना झेपेल असं वाटत नाही, हे सरळ सांगितलं. मी लेखापरीक्षणाचं काम करते. गोलमोल बोलणं मला आवडत नाही, म्हणून मला ते डॉक्टर आवडले. 

पुण्याच्या दिरांचे फोन दसऱ्यापासूनच सुरू झाले होते.

"वहिनी, आईला विमानात बसवून द्या. तुम्ही तिला गॅस चेंबरमध्ये ठेवलंय."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तुझ्या इमारतीची लिफ्ट चालू कर आधी. मग बोलाव."

"आई, इथे निदान हवा तरी आहे."

"हवा आहे, पण माणूस कुठाय? तुम्ही दोघं सकाळी जाता ते दिवेलागणीला उगवता. मी काय भिंतींना पाढे शिकवू?"

शेवटी मीच मध्ये पडले. म्हटलं, "भाऊजी, हा एक हिवाळा बघू. त्यांच्या खोलीची हवा मी सांभाळते. नाही जमलं तर मी स्वतः त्यांना पुण्याला आणून सोडीन." दीर म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणून." त्या दिवसापासून सासूबाईंचा श्वास माझ्या जबाबदारीवर होता.

मी हवेतली धूळ मोजणारं एक यंत्र आणलं. लहानसं, टेबलावर घड्याळासारखं ठेवायचं. बाहेर धरलं की आकडा चारशेच्या पुढे जाऊन लाल व्हायचा. खोलीत शुद्धीकरणाचं यंत्र लावलं, तर दीडशेपर्यंत उतरायचा आणि तिथे अडून बसायचा. हवा कुठून तरी आत येत होती. उदबत्ती पेटवून मी खिडक्यांच्या कडेने फिरवली. धूर जिथे हलला तिथे फोमची पट्टी चिकटवली. दाराखाली रबर लावलं. छताजवळच्या झरोक्यावर, रोशनदानावर, पुठ्ठा आणि त्यावर टेप. आकडा सत्तरवर आला. मागच्या बाल्कनीचं दार तेवढं राहिलं. ते लाकडी, जुनं, पावसाने फुगलेलं. त्याच्या फटी बुजेनात.

तेव्हा नवरा म्हणाला, "मग बाल्कनीच बंद करून टाकू. काच लावू. आईला बसायला कोपरा होईल आणि तुझा आकडाही खाली येईल."

नवऱ्याला घर सजवायची मनापासून हौस आहे. ऑफिस गुरुग्रामला, मेट्रोत दोन्ही वेळचा मिळून बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ तो मोबाइलवर लोकांची घरं बघत असतो. हवा बिघडली की दिल्लीत बांधकामावर बंदी येते. नोव्हेंबरभर आम्ही ती उठायची वाट बघत राहिलो. डिसेंबरात चार दिवस वारा सुटला, बंदी उठली, आणि काचवाले येऊन काम करून गेले. सरकत्या काचा, पांढरी चौकट. नंतरचं सगळं नवऱ्याने स्वतः केलं. एका भिंतीला हळदीसारखा पिवळा रंग दिला. खाली खोट्या हिरवळीची चटई अंथरली. छताला पिवळ्या दिव्यांची माळ, कोपऱ्यात वेताची खुर्ची, तिच्यावर सासूबाईंच्या जुन्या साड्यांची गोधडी. बोक्यासाठी भिंतीवर चढत्या फळ्या ठोकल्या. मुलीने रोपं आणली आणि म्हणाली, "मम्मा, ही हवा साफ करतात. तुझ्या मशीनला कॉम्पिटिशन."

एकच गोष्ट डोळ्यांना खुपत होती. बाल्कनीच्या भिंतीवर पाइपच्या गॅसवर चालणारा गीझर होता. भिंतीपलीकडे बाथरूम, इकडे गीझर. आमच्या सोसायटीत बहुतेकांचा असाच आहे. उघड्यावर असावा म्हणूनच बसवणाऱ्याने तो तिथे लावला होता. पण ती गोष्ट घर घेतानाची. इतक्या वर्षांत गीझर आम्हाला भिंतीचाच भाग वाटायला लागला होता. नवऱ्याने त्याला प्लायचं कपाट केलं, दाराला आडव्या झिलमिळ्या ठेवल्या, आणि तेही पिवळं रंगवलं. ओळखू येईना. मी फोमची पट्टी काचांच्या चौकटीला दुहेरी लावली.

संध्याकाळी खोलीतला आकडा अठ्ठावीस होता. बाहेर चारशे दहा. मी फोटो काढून दिरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

डिसेंबर संपता संपता धुकं पडायला लागलं. सकाळी काचेपलीकडे समोरची इमारत नसायची, झाडं नसायची, खाली गाड्या पुसणाऱ्याचा फक्त खोकला ऐकू यायचा. आत मात्र पिवळी भिंत, पिवळे दिवे आणि ऊब. आम्ही एकामागून एक आंघोळी उरकायचो, आणि तोवर बाल्कनी इतकी छान तापायची की सासूबाई शाल बाजूला ठेवायच्या. चहा घेऊन तिथे बसायच्या. बोका कपाटावर चढायचा, कारण ती जागा सगळ्यात गरम. आधी हा बोका म्हणजे घरातला दरोडेखोर. पहाटे उठून स्वयंपाकघरात डबे पाडणार, कबुतरं बघून काचेवर उड्या मारणार. आता तो दहा वाजेपर्यंत पाय पसरून पडलेला असायचा.

"बोकोबा आता पेन्शनीत गेले," सासूबाई म्हणायच्या.

"आजी, तूपण कुठे कमी आहेस? चहा पिऊन परत झोपतेस."

"झोप लागते गं. किती वर्षांनी अशी लागते."

ते खरं होतं, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. दम लागणारं माणूस गाढ झोपत नाही. तिथे त्या बसल्या बसल्या झोपत होत्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला लावायच्या चिमट्याने त्यांचा ऑक्सिजन बघायचे. गेली तीन वर्षं हिवाळ्यात तो ब्याण्णव, फार तर त्र्याण्णव. जानेवारी लागला तेव्हा सकाळचा आकडा पंच्याण्णव, शहाण्णव यायला लागला होता. संध्याकाळचा मात्र पहिल्यासारखाच राहायचा. फरक मला दिसला होता. मी त्याचा अर्थ असा लावला की सकाळी त्या ताज्यातवान्या असतात.

डोकं मात्र सगळ्यांचं दुखायचं. सकाळी उठल्यावर नाही. आंघोळी, चहा झाला की कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. नवरा म्हणायचा, "धुक्याचा परिणाम. मेट्रोत बसलो की उतरतं बघ."

मुलगी म्हणाली, "बाबा, ऑफिसला गेल्यावर डोकेदुखी थांबते असा मी पहिला माणूस बघितला."

"तुझी नाही थांबत का कॉलेजला गेल्यावर?"

"थांबते यार. पण मी सांगत नाही. इज्जतीचा सवाल आहे."

सगळे हसलो. सासूबाई दिवसभर घरातच असायच्या, त्यामुळे त्यांची उतरायला दुपार व्हायची. त्या कपाळाला सुंठ उगाळून लावायच्या आणि चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणायच्या. मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही घेतली होती.

मग बोका ओकायला लागला. दोनदा, तीनदा. चालताना मागचे पाय वेगळ्या दिशेला जायचे. फळीवरून उडी मारायचा अंदाज चुकला आणि तो रोपांत पडला. सासूबाईंनी त्याला उचलून पोटाशी धरलं. मी त्याला वजनकाट्यावर घेतलं, म्हणजे आधी त्याला घेऊन मी उभी राहिले, मग एकटी, आणि वजाबाकी केली. अर्धा किलो उतरला होता. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना कडकडीत थंड, दार सताड उघडं. तिथे तासभर रांगेत बसेपर्यंत बोका डोळे उघडून बाजूच्या कुत्र्यावर फिसकारायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "ये तो ठीक लग रहा है. ठंड में बाल ज़्यादा चाटते हैं, पेट में गोला बन जाता है. गरम जगह रखिए."

गरम जागा आमच्याकडे होतीच. आम्ही त्याला परत तिथे नेऊन ठेवलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे व्हायचं होतं. ओळखीच्या मराठी बायका दरवर्षी येतात. कुणी नोएडाहून, कुणी पार दिल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या द्वारकेहून. सासूबाईंना नवी बाल्कनी त्यांना दाखवायची होती. नवऱ्याने काचेला कागदी पतंग चिकटवले, हलव्याच्या माळा सोडल्या. आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने तीळ वाटून अंगाला लावून डोक्यावरून न्हायचं, हा सासूबाईंचा नियम दिल्लीच्या कुठल्याही थंडीत मोडला नव्हता. दरवाजे बंद, गरम पाणी भरपूर, घाई नाही. त्यात त्याच संध्याकाळी पंजाब्यांची लोहडी, म्हणजे शेकोटीचा सण. सोसायटीच्या मैदानात लाकडांची रास सकाळीच रचलेली. धूर वर येणार म्हणून मी भोगीच्या आदल्या दिवशीच सगळ्या पट्ट्या नव्याने दाबून घेतल्या होत्या.

भोगीच्या सकाळी बाहेर पांढऱ्या भिंतीसारखं धुकं होतं. आधी सासूबाई न्हाल्या आणि केस वाळवायला बाल्कनीत जाऊन बसल्या. मग मुलगी गेली. तिचे केस कमरेपर्यंत. तिचं न्हाणं म्हणजे अर्ध्या टाकीचं काम. बाहेर येऊन तिने आजीचा फोटो काढला.

"आजी, कसली गुलाबी दिसतेयस! फिल्टर लावलाच नाहीये मी."

"तिळाचा गुण," सासूबाई म्हणाल्या. आवाज जड होता. मला वाटलं, झोप आलीय.

मग मी न्हाले. बाहेर आले तेव्हा डोकं घणघणत होतं आणि पोटात ढवळत होतं. उपाशीपोटी तिळाचा वास बाधला असेल असं म्हणत मी स्वयंपाकघरात गेले. नवरा बाथरूममध्ये शिरला. मुलगी तिच्या खोलीत केस पुसत होती. मी भोगीच्या भाजीला गाजर, वांगं, ओला हरभरा चिरला, फोडणी केली. तिखटामिठाची चव मी सासूबाईंना विचारल्याशिवाय ठरवत नाही. वाटीत थोडं घेऊन त्यांच्या खोलीतून बाल्कनीच्या दाराशी गेले.

त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. तोंड किंचित उघडं. मांडीवर बोका. दिव्यांची माळ लागलेली, गाल खरंच गुलाबी.

"आई, चव बघता?"

मी खांद्याला हात लावला. डोळे उघडले, माझ्याकडे वळले आणि पुन्हा मिटले. मला भीती वाटली, म्हणून सवयीने मी चिमटा आणून बोटाला लावला. आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो. तो स्थिर झाला. अठ्ठ्याण्णव.

मी सुटकेचा श्वास टाकला. हे मला नीट आठवतं. मी त्यांच्या पायावर शाल सारखी केली, म्हटलं झोपू दे, वाटी उचलली, बाहेर आले आणि ऊब जाऊ नये म्हणून लाकडी दार ओढायला लागले.

दार अर्धं लागलं असेल. अठ्ठ्याण्णव हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. माझा स्वतःचा अठ्ठ्याण्णव येतो. मुलीचा येतो. या बाईचा गेल्या तीन वर्षांत, ऑक्सिजन लावलेला असतानासुद्धा, कधी आला नव्हता. कामावर मला कमी पडलेल्या रकमेची इतकी धास्ती वाटत नाही. जिथे वर्षानुवर्षं तूट असते तिथे अचानक सगळं जुळलं की मी फाइल परत उघडते. मी दार परत उघडलं.

त्याच वेळी बोका सासूबाईंच्या मांडीवरून घसरला. मांजर पडताना वळतं. तो वळला नाही. ओल्या टॉवेलसारखा चटईवर पडला आणि तसाच राहिला.

कपाटाच्या आत गीझर घुमत होता. नवरा न्हात होता. झिलमिळ्यांमधून ज्योत दिसत होती. ती निळी असते. ती नारिंगी होती, लांब, लवलवणारी, आणि कपाटाच्या वरच्या कडेला रंगावर काजळीचा पट्टा आला होता.

मी काचेला हात घातला. ती सरकेना. मीच दुहेरी लावलेली पट्टी ओलीने फुगून चौकटीला घट्ट धरून बसली होती. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. हातांत जोर नव्हता. मी ओरडत होते, "पाणी बंद कर! पाणी बंद कर!" आणि शॉवरखाली त्याला ऐकू जात नव्हतं. मुलगी धावत आली. तिने काही विचारलं नाही. वेताचं स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. तिसऱ्या घावाला काच फुटली. कागदी पतंगांसकट तुकडे खाली चार मजले गेले. धुकं आत आलं. त्याला धुराचा, कोळशाचा, सकाळच्या दिल्लीचा घाण वास होता, आणि मी तोंड उघडून तो घेत होते.

नवरा साबणाच्या अंगाने टॉवेल गुंडाळून आला. आम्ही तिघांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बाहेरच्या खोलीत नेलं आणि तिथल्या खिडक्या उघडल्या. मीच लावलेल्या पट्ट्या नवऱ्याने नखांनी ओरबाडून काढल्या.

इस्पितळात तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घर में अंगीठी जलाई थी?"

"नहीं."

"गीज़र? गैस का?"

माझ्या आधी नवऱ्याने मान हलवली.

त्यांनी मुखवटा लावून पूर्ण जोराने ऑक्सिजन सोडला, आम्हा तिघांचंही रक्त घेतलं. मी त्यांना चिमट्याचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "उस पर मत जाइए, मैडम." गॅस नीट जळला नाही की जो विषारी वायू तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, पण रक्त लालच ठेवतो. चिमटा फक्त लाली बघतो. आणि माझं टेबलावरचं यंत्र फक्त धूळ मोजत होतं. त्या सकाळी त्या यंत्रावर एकोणीस होते. संपूर्ण हिवाळ्यातला सगळ्यात चांगला आकडा.

सासूबाई दुपारी शुद्धीवर आल्या. मुखवट्याआडून त्यांनी विचारलं, "भाजीत मीठ घातलंस का?" नवरा बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. सोडताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. या विषात असं होऊ शकतं, की माणसाला पूर्ण बरं वाटतं, आणि काही आठवड्यांनी मेंदूवर परिणाम दिसायला लागतो. विसर, गोंधळ, स्वभावात बदल. म्हाताऱ्या माणसांत जास्त. होईलच असं नाही. लक्ष ठेवा.

दीर पुण्याहून आले होते. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नवऱ्याच्या देखत एवढंच म्हटलं, "होळीपर्यंत बघू. तिचं डोकं जागेवर राहिलं तर राहू दे इथे, तिचीच इच्छा आहे. नाहीतर मी घेऊन जाणार, आणि मग परत पाठवणार नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मीच तसं कबूल केलं होतं.

बोका जगला. मुलीने त्याला त्या सकाळी उघड्या खिडकीत धरून ठेवलं होतं, मग दवाखान्यात ऑक्सिजनच्या पेटीत. आठवडाभरात तो चालायला लागला, खायला लागला. पण कुकरची शिट्टी झाली तरी त्याचा कान हलत नव्हता. सासूबाई त्याला हाका मारायच्या आणि तो पाठ करून खिडकीबाहेर बघत बसायचा. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, रागावलाय. मग मुलीने त्याच्या मागे ताट पाडलं. सासूबाई दचकल्या, मी दचकले. बोका पंजा चाटत राहिला.

त्यानंतर मी सासूबाईंकडे जास्तच बघायला लागले.

गीझर काढून टाकला. फुटलेली काच परत बसवली नाही. बाल्कनीतून धुकं, धूळ, कबुतरं सगळं आत यायला लागलं. आकडा तीनशेच्या खाली उतरेना, आणि सासूबाई त्यात खोकत होत्या. छातीचे डॉक्टर म्हणाले, खोलीत यंत्र चालू ठेवा, पण एक खिडकी बोटभर उघडी पाहिजे. म्हणजे एका भीतीसाठी खिडकी बंद करायची आणि दुसरीसाठी उघडायची. आम्ही कोट घालून जेवायचो.

लक्ष ठेवा म्हणजे काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने चष्मा फ्रिजवर ठेवला तर तो गॅसचा परिणाम की वयाचा? त्या गेल्या वर्षी किती वेळा विसरायच्या ते मी कधी मोजलं नव्हतं. ज्याच्याशी ताडून बघायचं तेच माझ्याकडे नव्हतं. मग मी दुपारी पत्ते काढले. पाच-तीन-दोन, सासूबाई, मुलगी आणि मी. तीस पानं, कोणतं पडलं कोणतं राहिलं हे त्यांना नेहमी पाठ.

पहिल्याच दिवशी त्या पानं लावत म्हणाल्या, "माझी परीक्षा घेतेस ना?"

"हो, आई."

"मग रोजचे मार्क सांगत जा. आम्ही पोरांपासून लपवायचो नाही."

जानेवारी गेला. फेब्रुवारीत ऊन पडलं, धुकं विरलं. त्या आम्हाला रोज हरवत होत्या. मुलीला म्हणायच्या, "तू दिल्लीत वाढलीस ना, तुला बदाम आणि चौकट वेगळे आहेत हेच माहीत नाही." मुलगी पत्ते टाकून द्यायची. मी रात्री दिरांना कळवायचे, आज ठीक. उद्याचा दिवस उजाडला की पुन्हा तीच धाकधूक. मी त्यांच्या हाताकडे बघायचे, पान काढताना थबकतो का. त्या थबकल्या की मी मुलीकडे बघायचे, आणि मग कळायचं, त्या मुद्दाम थबकल्या होत्या.

होळीला आठवडा राहिला होता. दुपारी आम्ही बाहेरच्या खोलीत खेळत होतो. पाच हात सासूबाईंना करायचे होते, म्हणून हुकूम त्यांनीच सांगायचा होता. त्यांनी इस्पिक सांगितलं. दोन-तीन हात झाले. त्यांनी पान काढायला बोट लावलं, तसंच ठेवलं, आणि वर बघून विचारलं, "हुकूम काय गं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. "इस्पिक, आजी," ती म्हणाली. "मीपण विसरले होते."

तो डाव त्यांनी जिंकला. पाचही हात केले. दोन डावांनंतर हुकूम पुन्हा त्यांच्याकडे आला. त्यांनी किलवर सांगितलं. थोड्या वेळाने, अगदी तशाच आवाजात, नुकतंच खोलीत आल्यासारखं: "हुकूम काय गं?"

मुलगी आपल्याच पानांत बघत राहिली. मी म्हटलं, "किलवर." त्यांनी मान हलवली आणि बदामाचं पान टाकलं, हातात किलवर असताना; ते पुढच्या हाताला बाहेर आलं. त्या डावात त्यांचे पाचांपैकी तीनच हात झाले.

दिवेलागणीला दिरांचा फोन आला. नवरा अजून यायचा होता. सासूबाई समोर मटार सोलत बसल्या होत्या, मुलगी त्यांच्या शेजारी. मी स्पीकर लावला, कारण लपवायचं नाही असं ठरलं होतं.

"वहिनी, आई कशी आहे आज?"

मुलगी डोळ्यांनी मला नको म्हणत होती.

"भाऊजी, जेवण ठीक आहे. खोकला कमी आहे," मी म्हटलं. "आज पत्ते खेळताना त्यांनी दोन वेळा हुकूम विचारला. दोन्ही वेळा हुकूम त्यांनीच सांगितलेला होता."

सासूबाईंनी शेंग मोडली, दाणे वाटीत सोडले आणि हसून म्हणाल्या, "हेही सांग की त्याला. दोन्ही डाव मीच जिंकले."

"खरंच, वहिनी?" दिरांनी विचारलं. आवाजात आशा होती. "दोन्ही?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर खट्याळपणा नव्हता, काही दडवल्याची खूणही नव्हती. त्यांना तसंच आठवत होतं.

मी फोन तोंडाजवळ घेतला आणि म्हटलं, "नाही. एक."